वरच्या मोरीचं पाणी

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
१८ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. सौ. शोभाताईस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र वेळेवर पोचलं. बातमी पक्की झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उत्तराला उशीर. आपल्या धनश्रीला दिवस गेले आहेत. तिसरा चालू आहे. उन्हाळा सरता सरता तू मावसआजी होशील. मला हे कसं कळलं ते वाच आणि हस. मी अंगणात पापड लाटत होते. वरच्या जिन्यावरून विहीणबाई वाकल्या आणि म्हणाल्या, की आता लाटायला आमच्या सुनेला हाक मारू नका, ओणवं बसायचे दिवस संपले तिचे. एवढं बोलून आत गेल्या. मी लाटणं हातात धरून तशीच बसलेली.

लोक म्हणतात वत्सलाचं भाग्य थोर, लेक डोक्यावरच राहते. खरंच डोक्यावर राहते. लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनी, बळीरामदादांनी, आपणहून खालच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिल्या. पांडेसऱ्याच्या चाळीत कशाला राहता, मुलगी नजरेसमोर राहील, म्हणाले. जावई ललितराव, धनू, विहीणबाई उषाबाई, दादा सगळे वर, आम्ही दोघं खाली. गेल्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ह्यांनी धनूला माहेरी आणायचं म्हणून तिला रिक्षात बसवलं, गल्लीच्या टोकापर्यंत फिरवलं आणि त्याच दारात उतरवलं. रिक्षावाला पैसे घेताना ह्यांच्याकडे निरखून बघत होता.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगते. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. पहिल्या पावसाळ्यात धान्याच्या डब्यांमागे घोट्याएवढ्या उंचीवर एक डाग दिसला. मला वाटलं पावसाची असेल, जाईल. ती गेली नाही. वर चढत चढत आता माझ्या खांद्याला आली आहे. आधी पोपडे सुटले, मग पांढरी लव आली, मग हिरवट काळी बुरशी. पुसली की आठवड्यात परत. गोधड्यांना वास, ह्यांच्या लोकरीच्या बंडीला वास, पापडांनासुद्धा. बरोबर त्या कोपऱ्यावर वरची मोरी आहे. आंघोळी, भांडी सगळं तिथेच. आता सांग, मी कुणाला काय म्हणू? घरमालकाकडे तक्रार करता येते. व्याह्याला जाऊन तुमच्या आंघोळीचं पाणी आमच्या डोक्यावर येतं असं कसं म्हणायचं? आणि ती आंघोळ करणाऱ्यांत आपलीच मुलगी.

पहिलं नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आई सांगायची तेव्हा आपण दोघी हसायचो. आता मी ते पाळते. वर गेले तरी घोटभर घेत नाही. आणि भिंत मात्र दोन वर्षं तेच पाणी पिते आहे.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. म्हणजे ह्याच खोलीत. त्याआधी ही भिंत कोरडी करायची, इतकंच मी ठरवलं आहे. कसं, ते माहीत नाही. मी धनूसाठी गप्प बसते असं मी स्वतःला सांगते, पण कधी कधी वाटतं, भाग्यवान म्हणवून घ्यायची सवय लागली आहे मला, ती मोडवत नाही.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
वत्सला

॥ श्री ॥
शहादा
२ डिसेंबर १९९६

चि. सौ. वत्सलास,
शोभाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी देवापुढे साखर ठेवली, मग तुझ्यावर रागावले. दोन वर्षं बुरशीत राहतेस आणि मला पत्रांत लिहितेस काय, तर सुरतेत उंधियू चांगला मिळतो. कॉलेजात तू वादविवादात ढाल आणली होतीस ती आमच्या फडताळात आहे अजून. पाठवून देऊ का? विहीणबाईंच्या समोर धरायला उपयोगी पडेल.

यांचं म्हणणं, चुन्यात मोरचूद कालवून दोन हात द्यावेत, बुरशी मरते. मोरचूद विषारी असतो, हाताला पिशवी बांधून लाव आणि धनूला त्या दिवशी खाली येऊ देऊ नकोस. खिडकी उघडी ठेवत जा. आणि एक मला कळलं नाही. पाणी वरून येतं म्हणतेस, तर डाग खालून वर कसा चढला? आमच्या स्वयंपाकघरात गच्चीतून गळतं तेव्हा आधी छत खराब होतं, मग भिंत. मला भिंतीतलं कळत नाही, सहज विचारलं.

नाहीच जमलं तर धनूला इकडे आण. मावशीचं घर म्हणजे माहेरच. दवाखाना चार घरं सोडून आहे आणि इथली भिंत इतकी कोरडी की खिळा ठोकायला दोन माणसं लागतात. सुकदेवरावांना सांग, मेव्हणीने विचारलंय की पुढच्या आखाजीला रिक्षा शहाद्यापर्यंत येईल का.

तब्येत सांभाळ. खोकल्याचं तू लिहिलं नाहीस, पण दिवाळीत फोनवर ऐकला मी तो.

आठवण काढत जा, म्हणजे मला उचकी लागेल आणि पाठोपाठ पत्र येईल.

तुझी ताई,
शोभा

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
२० जानेवारी १९९७

ती. स्व. सौ. शोभाताईस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

चुना आणि मोरचूद दोन्ही झालं. भिंत निळसर पांढरी दिसायला लागली तेव्हा मी वेड्यासारखी दिवसातून दहादा जाऊन बघत होते. बारा-पंधरा दिवस टिकलं. मग चुन्याखालून एक काळी रेघ उमटली आणि तिच्याभोवती ठिपके. आता पोपडा हातात येतो तो चुन्यासकट.

संक्रांतीला मी ठरवून वर गेले. दारात पाऊल टाकताना वाक्य पाठ होतं: दादा, एकदा खाली येऊन भिंत बघता का. वर गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. उषाबाईंनी मला मधे बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, की आमच्या विहीणबाई बी.ए. आहेत, पण दोन वर्षांत घराबद्दल एका शब्दाची कुरकुर नाही. नाहीतर आधीचे भाडेकरू, रोज जिना चढून यायचे. बायकांनी माना डोलावल्या. मी तिळगूळ दिला, पाणी नको म्हटलं आणि खाली आले. ताई, त्यांनी ते मनापासून म्हटलं की तोंड बंद करायला, याचा मी अजून विचार करते आहे. दोन्ही वाटतं.

खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी छाती तपासली आणि औषध लिहिण्याआधी घर कसं आहे ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, तुमचं तुम्ही सोसाल, पण तान्ह्या मुलाला त्या खोलीत निजवू नका. मी त्यांना धनूबद्दल काही बोलले नव्हते. त्यांनी नुसती सावधगिरी म्हणून सांगितलं असेल. मला मात्र त्यांना सगळं माहीत आहे असं वाटलं.

मग हे म्हणाले, सरळ दुसरी खोली बघू. मिल सुटल्यावर पांडेसऱ्यात दोन जागा बघून आले. पण तिथे ह्यांना भटूने पाहिलं. बळीरामदादांचा चुलत पुतण्या, तिथेच कापडाच्या घड्या घालतो. हे घरी पोचायच्या आधी बातमी वर पोचली. दादा खाली उतरले, खाटेवर बसले, आणि इतकंच विचारलं, की आमच्याकडून काही कमी पडलं का. माणूस आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी सांगून टाकलं, मिलमधल्या एकासाठी खोली बघत होतो. दादा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी धनू माझ्याशी नीट बोलली नाही. आता ही जागा सोडली तर भाऊबंदांत एकच अर्थ निघेल, की सोयऱ्यांचं बिनसलं. तो अर्थ निस्तरायला वर कोण आहे? धनूच.

आणखी एक सांगते, त्याने माझी झोप गेली आहे. पोर आधीपासूनच धुण्याची बादली घेऊन गल्लीच्या नळावर जायची, ती आता पाचव्या महिन्यातही जाते. घरात मोरी असताना. मी खिडकीतून बघते. दगडावर वाकून वाकून आपटते, पिळे बादलीत रचते आणि जिना चढते. मी एकदा हातातून बादली घेतली तर म्हणाली, चालायला सांगितलंय डॉक्टरांनी. उषाबाई तिला बाहेर का पिटाळतात? घरात पाणी भरपूर आहे. वर टाकी आहे. मी त्यांना भली समजत होते. आता त्या जिन्यावरून काही बोलल्या की मला त्या शब्दांच्या मागे बादली दिसते.

तुझ्या घरी आणण्याबद्दल ह्यांनी आडून विचारून पाहिलं. ललितरावांना इतक्या लांबचा बसचा प्रवास नको वाटतो, आणि ते बरोबर आहे. म्हणजे हीच खोली.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
वत्सला

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
१७ मार्च १९९७

ती. स्व. सौ. शोभाताईस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

धनूचं डोहाळजेवण झालं. तू पाठवलेली हिरवी साडी तिला फार शोभली. हे वाक्य मी आधी लिहून घेतलं, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल.

कार्यक्रम खाली आमच्याकडे होता. ह्यांनी मिलमधून छपाईचा डाग पडलेला एक तागा आणला होता, मोठ्या मोठ्या फुलांचा. मी तो छतापासून जमिनीपर्यंत लावून टाकला. भिंत दिसत नव्हती. कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या, खिडक्यांची कवाडं दिवसभर उघडी. आम्ही राहायला आल्यापासून उषाबाई त्या आतल्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्या आल्या, पडद्याला पाठ टेकून बसल्या. त्यांच्या पाठीमागे कापड ओलसर होत गेलेलं मला दिसत होतं. त्यांनी एकदा पदर नाकाला लावला. मग हात खाली घेतला आणि पडदा फार छान आहे म्हणाल्या.

ओटी भरून झाल्यावर धनूला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं होतं. ह्यांनी रिक्षा आणून उभी केली होती, गेल्या वर्षीसारखी. बायका हसत होत्या, गल्लीतल्या सुंदराकाकू गाणं म्हणत होत्या. वरून तिचं गाठोडं आणायला ललितराव निघाले, तर धनू म्हणाली, नको. मी वरच राहते. मला वाटलं ती लाडात म्हणते. मी हात धरला. तिने हात सोडवून घेतला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मला वरच बरं वाटतं, बाळंतपणही वरच करीन. उषाबाईंनी तिला दटावलं, की असं कुठे असतं, लोक मला नावं ठेवतील. ती ढिम्म. रिक्षा रिकामी गेली.

तेव्हापासून मी विचार करते आहे. ही खोली तिला नकोशी झाली. वास येतो, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण नाक आहे तिला. मी तिच्या मुलासाठी भिंत कोरडी करत बसले आणि तिने मला ते न सांगता सांगितलं, की तुझ्या घरात माझं मूल नको. डॉक्टर हेच म्हणाले होते. मग मला वाईट का वाटावं? मूल कोरड्यात जन्मेल, हेच तर मला हवं होतं. तरी वाईट वाटतं. ह्यात तिच्या मुलाची काळजी किती आणि माझा अपमान किती, हे मी वहीत मांडून पाहिलं. उत्तर मला आवडलं नाही.

पडदा काढलेला नाही. त्याच्यामागे काय चाललंय ते बघायची इच्छा होत नाही.

तू जवळ हवी होतीस. अंतर आहे तेवढंच राहो, वाढू नये.

तुझी,
वत्सला

॥ श्री ॥
सुरत
२९ मार्च १९९७

ती. सौ. शोभामावशीस,
धनश्रीचा शि. सा. न.

मावशी, माझं मराठी अक्षर आता गुजराती वळणाचं झालंय, समजून घे. आईने तुला माझ्याबद्दल लिहिलं असेल. तू मला ओरडायच्या आधी माझं ऐक, आणि हे आईला सांगू नकोस.

लग्न होऊन चार महिने झाले असतील. मी एक दिवस वरच्या मोरीत चादरी धुतल्या, सगळ्यांच्या, भरपूर पाण्यात. संध्याकाळी खाली गेले तर आई आतल्या खोलीत डबे बाहेर काढून भिंत पुसत होती. मला बघून तिने लगेच डबे परत लावले आणि चहा टाकते म्हणाली. मी डब्यांमागे पाहिलं नाही, पण मला कळलं. मी वर जे ओतते ते आईवर पडतं.

त्या दिवसापासून मी मोरीत पाणी टाकत नाही मावशी. अर्ध्या बादलीत आंघोळ करते. धुणं नळावर नेते. भांडी घासते ते पाणी पातेल्यात धरून मागच्या गटारात ओतते. सासूबाई आधी हसायच्या, मग चिडायला लागल्या. म्हणतात, पाण्याला काय पैसे पडतात का, तुझ्या माहेरी काय टँकरने येतं का. हे म्हणतात तुला वेड लागलंय. त्यांना कारण सांगितलं तर ते दादांना सांगतील, दादा मोरी फोडतील, आणि जन्मभर ऐकवतील की सोयऱ्यांसाठी घर फोडलं. तसं नाही ऐकवणार कदाचित. पण आई तसंच समजेल आणि मान खाली घालून बसेल. मी तिला ओळखते.

मी खाली राहायला गेले तर दोन-तीन महिने वरचं पाणी कोण सांभाळणार? सासूबाई तर पिंप उपडं करून मोरी धुतात. आणि मी, माझं बाळ, आई, तिघं त्याच्याखाली. म्हणून नाही म्हटलं. आईचा चेहरा मी पाहिला. पण मी वर असले तर निदान पाणी ओतणारा हात माझा असतो.

गेल्या महिन्यात आम्ही ह्यांच्या मित्राच्या लग्नाला आठ दिवस रेल्वेने नवापूरला गेलो होतो, सगळे. घर बंद. आल्यावर मी पळत खाली गेले, वाटलं भिंत वाळली असेल. आईने डबे हलवू दिले नाहीत. पण वास होता तसाच होता.

मला रात्री पाय दुखतात. बाकी ठीक. तू ये ना.

तुझी,
धनू

॥ श्री ॥
शहादा
१४ एप्रिल १९९७

चि. सौ. वत्सलास,
अनेक आशीर्वाद.

माझ्याकडे पंधरा दिवस एक पत्र आहे. ते तुला दाखवायचं नाही असं लिहिणारीने बजावलं आहे. मी दोन आठवडे शब्द पाळला, आता मोडते. ती मला माफ करील, तूही कर. धनूचं पत्र सोबत ठेवलं आहे. खाली बसून वाच.

वाचलंस? आता ऐक. मायलेकी दोघी एका जिन्याच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींसाठी तोंड शिवून घेता. तू विहिणीला बोल लावलास, धनूने बोलणी ऐकून घेतली, आणि ती गर्भार पोर दगडावर कपडे आपटते आहे ती तुझ्या भिंतीसाठी. विहीणबाईंनी तिला पिटाळलेलं नाही.

आणि तिच्या पत्राचा शेवट पुन्हा वाच. आठ दिवस वरचं घर बंद होतं. मोरीत थेंब पडला नाही. तरी वास तसाच. मी डिसेंबरात तुला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. पाणी वरूनच येतं हे तुला कुणी सांगितलं?

उद्याच वर जा. तिळगूळ नको, साडी-नारळ नको, रिकाम्या हाताने जा. वाक्य पाठ करू नकोस.

आशीर्वाद आहेतच. या खेपेला जोडीला दटावणीही आहे.

तुझी ताई,
शोभा

॥ श्री ॥
नवागाम, सुरत (वरून)
१५ मे १९९७

ती. स्व. सौ. शोभाताईस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. वर पत्त्यात कंसात काय लिहिलंय ते पाहिलंस ना? क्रमाने सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धनूचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. अर्धी बादली ह्या शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबत होते. मला वाटत होतं मी सोसते. मी सोसत होते ते माझ्या घरात, माझ्या डब्यांमागे. ती सोसत होती ते चार माणसांत, बोलणी खात.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. उषाबाई चिंच फोडत बसल्या होत्या. मी दारातच सांगून टाकलं, की खालची भिंत दोन वर्षं ओली आहे, डॉक्टरांनी तान्ह्या मुलाला तिथे निजवू नका सांगितलंय, आणि म्हणूनच धनू मोरीत पाणी टाकत नाही. एका दमात. उषाबाईंचा बत्ता थांबला. त्या चिडल्यावर किंवा फार हळव्या झाल्यावर अहिराणीत बोलतात. माले काब्र सांगं नही, एवढंच म्हणाल्या. मला का नाही सांगितलं. मग डोळ्यांना पदर लावून बराच वेळ बोलत राहिल्या. डोहाळजेवणाला त्यांना वास आला होता. पण घर आपलं आणि आपण मुलाकडच्या, नावं ठेवल्यासारखं होईल, बोलणार कशी, असं त्यांना वाटलं. शिवाय त्यांची समजूत झाली होती, की शिकलेल्या बाईला खिडक्या उघडायचा कंटाळा असेल. आणि मी वर पाणी पीत नाही ती रीत म्हणून, हे त्यांना माहीत होतं, पण दोन वर्षांत एकदाही घोट नाही, म्हणजे त्यांच्या हातचं मला चालत नाही असंही वाटून गेलं होतं. मी ऐकत होते. मी त्यांच्याबद्दल तुला काय काय लिहिलं ते आठवत होतं.

बळीरामदादांना मात्र मोरीचा अपमान सहन झाला नाही. म्हणाले, मोरी मी स्वतः उभा राहून बांधून घेतली आहे, गळत असेल तर हात तोडून देतो. तेव्हा हे, जे कधी मधे बोलत नाहीत, म्हणाले की रंग टाकून बघू. मिलमध्ये पाणी कुठून कुठे जातं ते बघायला तसंच करतात. दुसऱ्या दिवशी राणी रंगाची पुडी खिशात घालून आले. उषाबाईंनी ती पिंपात कालवली आणि मोरीत ओतली. मग दुसरं पिंप, तिसरं. धनू दाराला धरून उभी होती, प्रत्येक पिंपाला डोळे मिटत होती. खाली मी फुलांचा पडदा काढला आणि आम्ही सगळे भिंतीसमोर उभे राहिलो, जसं काही फोटो काढायचाय. मागचं गटार राणी रंगाने वाहू लागलं. गल्लीतलं कुत्रं त्यात बसलं ते आठवडाभर गुलाबी फिरत होतं. भिंत जशीच्या तशी. संध्याकाळी नाही, सकाळी नाही, चार दिवसांनीही नाही. हिरवी, काळी, पांढरी, पण गुलाबीचा एक ठिपका नाही.

मग दादांनी भिंतीच्या पायाशी पहारीने फरशी उखडली. खाली चिखल. रस्त्यावरून वरच्या टाकीत चढणारा नळ आमच्या फरशीखालून जातो आणि त्याचा सांधा गंजून सुटला होता. घर बांधताना तो दादांनीच टाकून घेतला होता. ते चिखलाकडे बघत बराच वेळ उकिडवे बसले. ताई, वरून खाली येणारं पाणी नव्हतंच ते. खालून वर जाणारं होतं. तू विचारलंस तेव्हा मी एकदा वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. पण मुलीकडची माणसं आम्ही, जे काही आमच्यावर येईल ते वरूनच येणार, असं आम्ही दोघींनी धरून ठेवलं होतं.

धनूला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग जिन्यावर बसून रडली. दोन वर्षं मी काय करत होते, असं तिने मला विचारलं. मी तिच्या शेजारच्या पायरीवर बसले.

आता फरशी सगळी उखडलेली आहे. नळ बदलून झाला, पण भिंत मुळापर्यंत भिजलेली, गवंडी म्हणतो पुढच्या उन्हाळ्याशिवाय पूर्ण सुकायची नाही. तिथे निजता येत नाही. दुसरीकडे जायचं तर पुन्हा तोच बोभाटा. तेव्हा उषाबाईंनी ठरवलं, की मुलीला माहेरी जाता येत नसेल तर माहेर वर येईल. मी नको म्हटलं, हे नको म्हणाले. पण जाणार कुठे? आखाजीच्या दिवशी त्यांनी रिक्षा बोलावली. तोच रिक्षावाला. मला, धान्याच्या दोन डब्यांना आणि ह्यांच्या वळकटीला त्यात बसवून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवलं आणि दारात उतरवून घेतलं. सुंदराकाकूंनी माहेरवाशिणीचं गाणं म्हटलं, ते कुणासाठी ते मला अजून कळलेलं नाही. मला हसूही येत होतं आणि जिना मात्र मी कठड्याला धरून चढले.

वर आखाजीची नवी घागर पुजलेली होती. उषाबाईंनी तिच्यातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्यासमोर धरलं. नातवंड अजून व्हायचंय. सगळे बघत होते. मला आई आठवली. मी प्याले. चूक केली की बरोबर, ते मी वहीतही लिहिलेलं नाही. पाणी थंड होतं आणि मातीचा वास होता, एवढं लिहिलं आहे.

धनू नवव्यात आहे, पाय सुजतात, बाकी ठीक. आता एकच सांगून थांबते. आज सकाळी ती मोरीत आंघोळीला गेली आणि मला पाण्याचा आवाज ऐकू आला, तांब्या, थोडं थांबणं, पुन्हा अर्धा तांब्या. बादली अर्धीच होती. मी दाराशी जाऊन तिला सांगितलं, की ओत. मग तिने नळ पूर्ण सोडला. पाणी भरभरून मोरीतून वाहत गेलं. आणि ताई, मी वरच उभी असताना माझे हात आपोआप पुढे झाले, खालचे डबे भिंतीपासून ओढायला.

तू ये. जागा थोडी आहे, पण निजायला भिंत कोरडी आहे. तोवर मनातली माझी जागा हलवू नकोस.

तुझी,
वत्सला